अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याला रंग मारताय? आधी अर्थिंगची जागा कोरी ठेवा

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर घरी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. शेवटचा शॉट जवळपास ठरलेला असतो. काळा मॅट डबा, समोर एक मोठा चकचकीत नॉब, एक निळा एलईडी आणि मागे वाजणारं गाणं. बघणाऱ्याला वाटतं, हा कंपनीतूनच आलाय.

आपल्याकडेही हा नाद असलेले लोक कमी नाहीत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, तिथे अ‍ॅम्प्लिफायरचे तयार बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, नॉब असं सगळं सुटं मिळतं. सोल्डरिंग जमलं की आवाजही निघतो. घोडं अडतं ते डब्यापाशी. रंगाचे पोपडे निघतात, बोटांचे ठसे उठतात, भोकाच्या कडेला गंज धरतो.

आता रंग बिघडला तर फार तर डबा वाईट दिसेल. खरा धोका रंग चांगला बसला तर असतो. कारण चांगला बसलेला रंग वीज अडवतो. अर्थिंगची वायर त्याच रंगावर कसली, तर आतमध्ये काही बिघडल्यावर तो डबा शॉक देऊ शकतो. आणि गाणं मात्र नेहमीसारखंच वाजत राहतं, त्यामुळे कुणाला काही कळतही नाही.

म्हणून डब्याचं फिनिशिंग कसं करायचं आणि ते करताना कोणती जागा मोकळी सोडायची, हे दोन्ही सोबतच बघूया.

डबा धातूचाच का?

लाकडी डबा सुंदर दिसतो, कापायलाही सोपा. तरीही अ‍ॅम्प्लिफायरला धातूचा डबा वापरतात, त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण सुरक्षेचं. आपल्या घरात २३० व्होल्ट वीज येते. समजा डब्यातली फेजची वायर सुटली आणि पत्र्याला लागली. डब्याला नीट अर्थिंग असेल तर त्या क्षणी मोठा करंट अर्थच्या वायरमधून जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी ट्रिप होतो. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. डबा २३० व्होल्टवर शांत बसून राहतो आणि पहिला हात लागायची वाट बघतो.

दुसरं कारण आवाजाचं. घरातल्या वायरिंगमुळे सगळीकडे ५० हर्ट्झचं विद्युत क्षेत्र पसरलेलं असतं. अर्थिंग केलेला धातूचा डबा ते बाहेरच अडवतो. नाहीतर स्पीकरमधून बारीक घूंऽऽ ऐकू येतं, ज्याला आपण 'हम' म्हणतो. इथे एक मर्यादाही आहे. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा दाद देत नाही. ५० हर्ट्झला ते क्षेत्र पुरेसं कमी व्हायला अ‍ॅल्युमिनियम साधारण १२ मिलिमीटर जाड लागतं आणि आपला पत्रा असतो दोन-तीन मिलिमीटरचा. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या वायरपासून लांब ठेवणं हाच उपाय. लोखंडी पत्रा या बाबतीत बरा.

तिसरं कारण उष्णता. हीटसिंकला चिकटलेला धातूचा डबा आतली थोडी गरमी बाहेर काढायला मदत करतो.

यातली पहिली दोन कामं होण्यासाठी अट एकच आहे. डब्याचे सगळे भाग विजेच्या दृष्टीने एकमेकांना जोडलेले हवेत. आणि फिनिशिंग नेमकं तेच तोडतं.

सहा पत्रे, सहा बेटं

ऑइल पेंट, स्प्रे, पावडर कोटिंग हे सगळे वीजरोधक आहेत. हे पटकन पटतं, कारण रंगाचा थर डोळ्यांना दिसतो. फसवतं ते अ‍ॅनोडायझिंग. अ‍ॅनोडायझिंग केलेलं अ‍ॅल्युमिनियम धातूसारखंच दिसतं, हाताला धातूसारखंच लागतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर वीज जाऊ देत नाही. घरी मल्टीमीटर असेल तर त्याचे दोन्ही प्रोब अशा पत्र्यावर हलके टेकवून बघा. मीटर ढिम्म राहतं.

आता अशा सहा पत्र्यांचा डबा डोळ्यांसमोर आणा. तळ, झाकण, समोरचं पॅनल, मागचं पॅनल आणि दोन बाजू. अर्थची वायर तळाला जोडली आहे. झाकण चार स्क्रूंनी कसलेलं आहे. वाटतं की सगळा डबा अर्थ झाला. पण थर अखंड असेल तर झाकण वेगळं आणि तळ वेगळा. स्क्रूच्या आट्यांमुळे कधी जोडणी होते, कधी होत नाही. त्या 'कधी'वर जीव सोपवायचा नसतो.

याचं एक साधं लक्षण आहे. नॉबला हात लावला की हम कमी-जास्त होतो. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे व्हॉल्यूमचा पॉट रंगवलेल्या पॅनलवर बसलेला असतो आणि त्याचं धातूचं अंग कशालाच जोडलेलं नसतं.

पत्रा कोणता, हे आधी ओळखा

एकच रंग सगळ्या धातूंवर चालत नाही. डबा साधारण चार प्रकारचा असतो.

लोखंडी पत्रा स्वस्त आणि मजबूत असतो, पण कापल्याबरोबर त्याच्या कडा गंजायला सुरुवात होते. कोकणात किंवा मुंबईत दमट, खारी हवा असल्यामुळे आणखी लवकर. याला रेड ऑक्साइड प्रायमर चालतो.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. यावर साधा ऑइल पेंट थेट मारला की काही महिन्यांत पोपडे निघतात. कारण त्या रंगातल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड सुटते. जीआयसाठी वेगळा प्रायमर मिळतो, दुकानात तसं सांगून घ्या. हा पत्रा वेल्डिंग करताना निघणारा धूर श्वासात घ्यायचा नसतो, तेही लक्षात ठेवा.

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा सेक्शन हलका असतो, हाताने कापता येतो आणि गंजत नाही. पण घासल्यावर लगेचच त्याच्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे बारीक थर येतो आणि साधा रंग त्याला नीट धरत नाही. यासाठी एच प्रायमर लागतो, जो धातूला किंचित चावून पकड घेतो. घासणं, पुसणं आणि प्रायमर मारणं एकाच बैठकीत उरकलेलं बरं.

चौथा प्रकार ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा. गिटारचे पेडल बनवणारे वापरतात तो हॅमंड कंपनीचा १५९०बी डबा याच जातीचा. ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन जास्त असतं, त्यामुळे अ‍ॅनोडायझिंग केलं तर तो मळकट करडा होतो. त्याला रंग किंवा पावडर कोटिंगच शोभतं.

ब्रश हातात घेण्याआधीचं काम

फिनिशिंग बिघडण्याचं मुख्य कारण रंग नसतो, घाई असते. क्रम असा ठेवा.

आधी सगळी भोकं. नॉब, स्विच, स्पीकरचे टर्मिनल, मागचं पॉवर सॉकेट, हवेसाठी जाळी, अर्थिंगचा बोल्ट. रंग दिल्यानंतर ड्रिल चालवलं तर कडेचा रंग उडालाच समजा. ड्रिलची जागा आधी सेंटर पंचने ठोकून घ्या, नाहीतर टोक सरकतं आणि पत्र्यावर लांबच लांब ओरखडा उठतो.

मग एकदा सगळं आत बसवून बघा. बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, सॉकेट सगळं. बसलं की पुन्हा काढा. कंटाळवाणं आहे, पण चुकलेलं भोक सापडण्याची हीच वेळ.

भोकांच्या कडा कानशीने मारून घ्या. तिथे राहिलेली धार वायरचं इन्सुलेशन कापते. शिवाय धारदार कडेवर रंग टिकत नाही, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

त्यानंतर पॉलिश पेपर. १२० नंबरने खोल ओरखडे काढा, मग २२०, ३२० आणि ४००. मधला नंबर गाळू नका. १२० चे ओरखडे ४०० ने जात नाहीत, ते फक्त चमकतात. घासताना मास्क लावा, धातूची धूळ फुफ्फुसांसाठी चांगली नाही. आणि घासलेला चुरा सर्किटजवळ अजिबात नको. एक कण दोन पायांच्या मध्ये अडकला तरी शॉर्ट होऊ शकतो.

शेवटी तेल काढणं. थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटाने पत्र्याला हात लावू नका. बोटाचं तेल रंगाखाली राहिलं की नेमका तिथेच पापुद्रा सुटतो.

चार मार्ग, तुमचा कोणता?

१. ब्रश फिनिश. महागड्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या पॅनलवर दिसणाऱ्या त्या बारीक आडव्या रेषा. यासाठी रंग लागतच नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पॅनल टेबलावर पक्कं करायचं, बाजूला एक सरळ पट्टी लावायची, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि एकाच दिशेने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता ओढायचा. मध्ये थांबलात की तिथे खूण उठते. गोल फिरवलात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. वर क्लिअर लॅकरचा पातळ थर दिला की बोटांचे ठसे उठत नाहीत. पण लॅकरही वीजरोधकच असतं, हे विसरू नका.

२. स्प्रे कॅन. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त बिघडणारा. कॅन २५ ते ३० सेंटीमीटर लांब धरा. पहिला थर इतका हलका हवा की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. एका जाड थरापेक्षा चार पातळ थर कधीही चांगले, कारण जाड थराला ओघळ येतात. पावसाळ्यात लॅकर मारणं शक्यतो टाळा. त्यातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ तिथे जमते आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते. आणखी एक गोष्ट, हाताला सुका लागलेला रंग पूर्ण कडक झालेला नसतो. दुसऱ्याच दिवशी नट कसले तर वॉशर रंगात रुततो. काही दिवस धीर धरा.

पत्रा फारच ओबडधोबड असेल तर हॅमरटोन रंग घ्या. जुन्या मशिनांवर आणि लॅबमधल्या मीटरवर ठोकल्यासारखा दिसणारा करडा-निळा रंग असतो ना, तोच. त्याच्या नक्षीत लहानसहान दोष झाकले जातात.

३. पावडर कोटिंग. सायकली, लोखंडी फर्निचर आणि इलेक्ट्रिक पॅनलवर असतं ते. यात ओला रंग नसतोच. पावडरच्या कणांना विजेचा भार देऊन ते फवारतात, वस्तू अर्थ केलेली असते म्हणून कण तिला चिकटतात आणि मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून एकसंध थर होतो. हे घरी करायचं काम नाही, पण भोसरी किंवा अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींमध्ये जॉबवर्क करणारे असतात. एकट्या डब्यासाठी ते भट्टी पेटवत नाहीत. त्यांच्याकडे काळ्या रंगाची मोठी ऑर्डर चालू असेल तेव्हा तुमचा डबा त्यात घालायला सांगा.

देण्याआधी डबा पूर्ण रिकामा करा, रबरी पायही काढा, भट्टीत काही टिकणार नाही. आणि हा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. म्हणजे भोकाच्या आत दोन्ही बाजूंनी थर चढला की व्यास जवळपास ०.१५ मिलिमीटरने कमी होतो. घट्ट बसणारा पॉट मग आत जातच नाही. भोकं तेवढी सैल ठेवा. स्क्रूचे आटे आणि अर्थिंगची जागा झाकून ठेवायला स्पष्ट सांगा, शक्यतो मार्करने खूण करूनच द्या.

४. अ‍ॅनोडायझिंग. यात वरून काही चढवत नाहीत, अ‍ॅल्युमिनियमचाच थर वाढवतात. पत्रा सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवून त्यातून करंट सोडला की पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड तयार होतं. हवेत आपोआप येणारा थर काही नॅनोमीटरचा असतो, हा साधारण १० ते २५ मायक्रॉनचा होतो. त्यात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. त्या छिद्रांत रंग भरतात आणि मग जवळपास उकळत्या पाण्यात बुडवून छिद्रं बंद करतात. म्हणून हा रंग नखाने निघत नाही. उद्योगात ही पद्धत पहिल्यांदा ब्रिटनमध्ये १९२३ मध्ये वापरली गेली, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी. तेव्हा क्रोमिक अ‍ॅसिड वापरायचे.

बॅटरीचं अ‍ॅसिड आणून घरच्या बादलीत अ‍ॅनोडायझिंग करण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. नका करू. अ‍ॅसिडचे तुषार उडतात, हायड्रोजन वायू निघतो आणि उरलेलं अ‍ॅसिड मोरीत ओतता येत नाही. हे काम करणाऱ्याकडूनच करून घ्या. फक्त एक लक्षात असू द्या, अ‍ॅनोडायझिंग काहीच झाकत नाही. खालचा ओरखडा रंगासकट दिसतो.

काळा डबा थंड राहतो का?

अर्धं खरं आहे. चकचकीत पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम किरणांच्या रूपात उष्णता फार कमी सोडतं, आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या १० टक्क्यांहूनही कमी. रंगवलेला किंवा अ‍ॅनोडायझिंग केलेला पृष्ठभाग हेच काम ८० ते ९० टक्क्यांपर्यंत करतो. पण या कामात रंग काळा आहे की पांढरा, याने फारसा फरक पडत नाही. शिवाय हीटसिंकच्या पात्यांमधून वाहणारी हवा बरंचसं काम करते. तेव्हा डबा आवडीच्या रंगाचा करा, पण हवेची भोकं बुजवू नका.

जिथे ट्रान्झिस्टर किंवा आयसी बसते, तिथे मात्र रंग नको. आणि तिथला अ‍ॅनोडायझिंगचा थर इन्सुलेशन म्हणूनही धरू नका. आपल्याकडे खूप वापरल्या जाणाऱ्या टीडीए २०३० आयसीचा मागचा धातूचा पत्रा तिच्या निगेटिव्ह सप्लायला आतून जोडलेला असतो. स्क्रू कसताना थरावर एक ओरखडा पडला आणि दुहेरी सप्लाय असेल, तर थेट शॉर्ट. मायकाचा तुकडा आणि प्लास्टिकची बुशिंग लावायचीच.

नावं कशी लिहायची?

'व्हॉल्यूम', 'इनपुट' वगैरे लिहायला पाण्याने चिकटणारा डेकल पेपर मिळतो. लेझर प्रिंटरवर छापायचं, पाण्यात भिजवायचं, पॅनलवर सरकवायचं, सुकू द्यायचं आणि वर क्लिअर लॅकर. इंकजेटवर छापलं तर भिजवण्याआधीच त्यावर लॅकर मारावं लागतं, नाहीतर शाई पसरते. देवनागरीतही लिहिता येतं, 'आवाज' आणि 'बास' लिहिलेला डबा वेगळाच दिसतो.

अक्षरं कोरण्यासाठी काहीजण सर्किट बोर्डाचं फेरिक क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमवर ओततात. तांब्यावर ते शांतपणे काम करतं, पण अ‍ॅल्युमिनियमवर जोरात उकळतं, गरम होतं आणि अंगावर उडतं. कॉस्टिक सोडाही अ‍ॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. कोरायचंच असेल तर लेझर एनग्रेव्हिंगवाल्याकडे जा.

आता ती कोरी जागा

पॉवर सॉकेटच्या जवळ अर्थिंगसाठी स्वतंत्र भोक ठेवा. ट्रान्सफॉर्मरचा किंवा बोर्डाचा बोल्ट यासाठी वापरू नका, पुढे कुणी दुरुस्तीला तो सोडवला की अर्थिंगही सुटतं.

रंगाआधी त्या भोकाभोवती, डब्याच्या आतल्या बाजूने, लगपेक्षा थोडी मोठी जागा टेपने झाका. अ‍ॅनोडायझिंग असेल तर नंतर तिथला थर पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा करा. एम४ चा बोल्ट, त्यावर दाते असलेला स्टार वॉशर, मग कथील चढवलेला गोल लग, पुन्हा वॉशर आणि नट. स्टार वॉशरचे दाते धातूत रुततात आणि जोड सैल होऊ देत नाहीत. लगवर कथील असावं, कारण उघडं तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम दमट हवेत एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

झाकण आणि पुढचं पॅनल वेगळे पत्रे असतील तर त्यांनाही याच बोल्टपासून हिरवी-पिवळी वायर न्या. बाहेरून काहीही दिसत नाही. सगळी कोरी जागा आतच असते.

तपासायचं कसं?

प्लग सॉकेटमधून काढा. मल्टीमीटर सगळ्यात कमी ओहमवर ठेवा आणि आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून आकडा बघा. मग एक प्रोब प्लगच्या मोठ्या जाड पिनला आणि दुसरा झाकणाच्या स्क्रूला, पुढच्या पॅनलच्या आतल्या कोऱ्या जागेला, पॉटच्या नटला, प्रत्येक उघड्या धातूला लावा. आकडा पहिल्याइतकाच किंवा किंचित जास्त हवा. फक्त बीप ऐकून खूश होऊ नका, बरेच मीटर काही ओहमचा खराब जोड असला तरी बीप देतात. वायरही हाताने ओढून बघा, कारण एका तारेवर लटकलेला जोडसुद्धा मीटरवर चांगलाच दिसतो.

आणि भिंतीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. तीन भोकं असली म्हणजे तिसऱ्यामागे वायर असतेच असं नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात असेल तर उत्तम.

पहिलाच डबा असेल तर त्यात २३० व्होल्ट आणूच नका. नेल्सन पास या प्रसिद्ध अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर डिझायनरने नवशिक्यांसाठी केलेल्या 'अ‍ॅम्प कॅम्प अ‍ॅम्प'लाही वीज बाहेरच्या अडॅप्टरमधूनच मिळते. चांगल्या कंपनीचा अडॅप्टर घेतला की डब्यात फक्त कमी व्होल्टेज येतं, आणि तुम्ही रंग, रेषा, अक्षरं यांवर निवांत हात बसवू शकता.

तुमच्या ओळखीत कुणी डबा रंगवून अ‍ॅम्प्लिफायर चालवत असेल, तर त्याला फोटो छान आलाय म्हणा. आणि झाकण अर्थ केलंय का, तेही विचारा.